पड जमीन आणि वाहून गेलेली माती
पुणे मावळाच्या मृत्तिकेचा एक दुर्लक्षित इतिहास



आपल्या वार्षिक स्मरणिकेत संतचरित्रे, ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांचे परिचय, विद्यार्थ्यांचे गुणगौरव आणि वधूवरांच्या याद्या दरवर्षी येतात व त्या येणे योग्यच आहे. यंदा संपादक मंडळाने आमच्याकडे ऐतिहासिक लेखाची मागणी केली, तेव्हा राजेरजवाड्यांच्या इतिहासाऐवजी मातीचा इतिहास लिहावा असे आमच्या मनाने घेतले. माती हे आपल्या ज्ञातीचे भांडवल आहे. इतरांच्या दृष्टीने जी पायांखालची धूळ, ती आपल्या पूर्वजांच्या चाकावर चढून घागर झाली, रांजण झाली, पणती झाली. तेरच्या गोरोबाकाकांचे नाव घेतले की चिखल तुडविणाऱ्या भक्ताची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु हा चिखल मुळात येतो कोठून, आणि तो जेथून येतो तेथे मागे काय उरते, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःस विचारला असेल.

कसबा पेठेतील कुंभारवाडा मुठेच्या काठी वसला तो उगाच नव्हे. नदी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून निघते, वाटेत आंबी आणि मोसे या नद्यांचे पाणी घेते आणि पुण्यास येते. पावसाळ्यात ती डोंगराची माती अंगावर घेऊन येई व वळणावळणांवर तिचा बारीक पोयटा टाकून जाई. तोच पोयटा, त्यात राख आणि लीद मिसळून, पिढ्यान् पिढ्या आपल्या आव्यात भाजला गेला. पुढे शहर वाढले, नदी बिघडली, धुराची तक्रार होऊ लागली आणि आपली कित्येक कुटुंबे मुंढव्याच्या केशवनगराकडे गेली. तरी कुंभारवेस हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. थोडक्यात सांगावयाचे तर डोंगरातील शेतकऱ्याची जी हानी, तोच खालच्या कुंभाराचा कच्चा माल. या एका नात्यामुळे हा विषय आपल्याच घरचा आहे.

काळी आणि पांढरी

जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी. पुण्याची पांढरी म्हणजे कसबा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचा उल्लेख आढळतो, इतकी ही वस्ती जुनी आहे. परंतु कसब्याचे वैभव नेहमीच भोवतालच्या काळीवर, विशेषतः पश्चिमेकडील बारा मावळांच्या खोऱ्यांवर अवलंबून होते. काळी ओस पडली की पांढरी ओस पडे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सतराव्या शतकातील आहे. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि गाढवांचा नांगर फिरवून गाव उजाड केले. त्याच वेळी १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. माणसे देशोधडीस लागली. मावळातील शेते ओस पडली, त्यांत झाडी माजली आणि लांडग्यांचा उपद्रव वाढला. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत जिजाबाईसाहेब आणि बाल शिवाजी पुण्यास आले. कसब्यात सोन्याचा नांगर फिरविल्याची कथा आपण मुलांस सांगतो. ती कथा गोड आहे. पण तिच्या मागचा व्यवहार अधिक महत्त्वाचा आहे. दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पड जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेस कौल दिले गेले आणि सारा पहिल्या वर्षी नाममात्र ठेवून वर्षावर्षास चढविला गेला. या पद्धतीस इस्तावा म्हणत.

इस्ताव्याचे मर्म काय? पड पडलेली जमीन नांगराने एका दिवसात शेत होत नाही, हे त्या काळच्या कारभाऱ्यांस पक्के ठाऊक होते. डोंगरउताराच्या शेतास आधी ताल घालावी लागते. ताल म्हणजे उतारास आडवा, मातीचा वा दगडाचा बांध. वरून येणारे पाणी त्यास अडते, गाळ मागे बसतो आणि काही वर्षांनी उताराच्या जागी पायरी तयार होते. तोवर पीक कमी, म्हणून साराही कमी. शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीच्या सुभेदारास पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. ज्या कुणब्यास बैल नाही त्यास बैल द्यावा, बी नाही त्यास बी द्यावे, आणि वसुली हळूहळू, तीही मुद्दलाचीच करावी, असा त्याचा आशय आहे. जमीन पड राहू नये याची एवढी काळजी राज्यकर्त्यांनी घेतली, याचे कारण केवळ महसूल नव्हे. ताल फुटली की एका पावसाळ्यात पिढ्यांची माती जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

जमीन मोजली, माती मोजली नाही

पेशवाईच्या उत्तरार्धात पुन्हा तेच चक्र फिरले. १८०२ साली यशवंतराव होळकरांची स्वारी आणि तिच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनी पुणे प्रांतातील गावे पुन्हा ओस पाडली. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला. प्रिंगल साहेबाने पहिली मोजणी केली. तिच्यावर बसविलेला सारा रयतेस इतका जड झाला की इंदापूर भागातील शेतकरी शेते टाकून निघून गेले. म्हणजे दुष्काळाने अथवा युद्धानेच जमीन पड पडते असे नाही. चुकीच्या आकारणीनेही पडते.

ती चूक सुधारण्यासाठी १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. त्यांनी डेव्हिडसन यांच्यासह १८४७ साली जो संयुक्त अहवाल लिहिला, त्यातील प्रतबंदीची रीत आमच्या विषयास फार उपयोगी आहे. जमिनीची प्रत ठरविताना मातीचा रंग व पोत यांबरोबर तिची खोली हातांत मोजीत. पावणेदोन हात खोलीची उत्तम माती ती सोळा आण्यांची. तेथून खाली उतरत उतरत पाव हात खोलीपर्यंत आणेवारी कमी होत जाई. शिवाय जमिनीच्या दोषांसाठी खुणा ठरविल्या होत्या. पृष्ठभागास उतार असणे हा एक दोष. वाहत्या पाण्याने माती वाहून जाण्याची भीती हा दुसरा. याचा अर्थ असा की आजपासून पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारी मोजणीदार खड्डा घेऊन मातीची खोली पाहत होते व धूप हा दोष म्हणून नोंदवीत होते.

तथापि त्यांचा हेतू सारा बसविण्याचा होता. यंदा किती माती गेली, हा प्रश्न त्यांच्या वहीत नव्हता. एकर-गुंठे मोजले गेले. पण क्षेत्र तेवढेच राहून त्यावरची माती पातळ होत जाते, हे सातबाराच्या उताऱ्यावर कधीच दिसत नाही. उतारा पाहून आजही कोणास कळत नाही की पणजोबांचे दहा गुंठे आणि आपले दहा गुंठे यांत एक वीतभर मातीचा फरक पडला आहे.

डोंगरशेती पड का पडली

मावळची शेती दोन प्रकारची. खोऱ्याच्या तळाशी, ओढ्याच्या काठी भातखाचरे आणि वर उतारावर वरकस. वरकस जमिनीत नाचणी, वरई ही पिके काही वर्षे घेत आणि मग ती जमीन कित्येक वर्षे पड टाकीत. ही पड म्हणजे टाकून देणे नव्हते, ती विश्रांती होती. तिच्यावर गवत वाढे, कारवी वाढे, गुरे चरत, राबास टहाळ मिळे, आणि पाळी आली की पुन्हा नांगर लागे. पाळी येणार हे ठाऊक असल्याने पड जमिनीच्या तालीकडेही माणूस लक्ष ठेवी.

विसाव्या शतकात ही पाळी मोडली. मुंबईच्या गिरण्यांनी मावळचे तरुण ओढून घेतले. मुळशीस टाटांचे धरण आले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेलीच. नंतर पानशेत, वरसगाव आणि टेमघर येथे धरणे झाली. पुण्यास पाणी मिळाले, याबद्दल आपण पुणेकरांनी कृतज्ञ राहिले पाहिजे. पण धरणाचे पाणी प्रथम तळाची उत्तम जमीन घेते आणि वरची निकृष्ट तेवढी मागे ठेवते, हेही विसरता कामा नये. ज्याचे खाचर बुडाले त्यास केवळ वरकसावर जगणे अशक्य. तो पुण्यास आला, आणि वरकस कायमचे पड पडले.

वारसांच्या वाटण्यांनीही तेच केले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे होत होत ती कसण्याजोगी कशी राहत नाही, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. डोंगरातील तुकड्यास तर बैलजोडी वळण्यासही जागा उरत नाही.

आपल्या ज्ञातीचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. गावोगावच्या कुंभारांस बलुत्याबरोबर थोडीथोडी इनाम जमीन असे. समाजोपयोगी सेवांची इनामे रद्द करणारा मुंबई सरकारचा कायदा १९५३ साली झाला, तेव्हा अशा जमिनींचे स्वरूप बदलले. परंतु अनेक घराण्यांच्या नावांवर त्या राहिल्या. आजही वेल्हे, मुळशी, मावळ, भोर या बाजूंस ज्यांचा आठ आणे, चार आणे, दोन आणे हिस्सा आहे अशी कुटुंबे या स्मरणिकेच्या वाचकांत आहेत. आमचेही त्यांतच एक. शिक्षक म्हणून आम्ही काही वर्षे राजगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात नोकरी केली. शाळेसमोरच्या टेकाडावर पहिल्या वर्षी नाचणीची बारा-तेरा वावरे होती. आमची बदली झाली तेव्हा दोन उरली होती. बाकीच्यांचे मालक पुण्यात, कोणी पिंपरीच्या कारखान्यात, कोणी रिक्षावर. जमीन विकत मागणारे दलाल मात्र दर महिन्यास शाळेच्या ओट्यावर येऊन बसत आणि एकच वाक्य बोलत : मास्तर, पडीक दगडधोंडे आहेत, त्याचे करायचे काय?

माती मोजण्याची विद्या

पडीक दगडधोंडे आहेत की अजून माती आहे, आणि असल्यास ती थांबली आहे की चालली आहे, हे मोजल्यावाचून कळावयाचे नाही. ही मोजण्याची विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत मिसूरी येथे १९१७ साली आखीव तुकड्यांवर वाहते पाणी आणि माती मोजण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा पाया १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे ताम्हणे यांनी घातला, याचा पुणेकरांस अभिमान वाटावा. पुढे १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात ते काम वाढले आणि मातीची धूप तेथे वर्षानुवर्षे मोजली गेली. या कामाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते एन. व्ही. कानिटकर हे मॅन साहेबांचे जातेगाव बुद्रुक येथील अभ्यासातील सहकारी होते.

पद्धत समजण्यास सोपी आहे. उतारावर एक लांबट चौकोन आखावा. त्याच्या तीन बाजूंस पत्रे अथवा विटांचे काठ असे बसवावे की बाहेरचे पाणी आत येणार नाही. खालच्या बाजूस पन्हळ लावावी आणि ती हौदात सोडावी. पाऊस पडला की त्या चौकोनातून वाहिलेले सर्व पाणी माती घेऊन हौदात येते. पाणी मोजावे, ते ढवळून त्यातील ठरावीक भाग घ्यावा, सुकवावा व उरलेली माती तोलावी. शेजारी तसाच चौकोन, पण त्यावर गवत, तिसऱ्यावर ज्वारी, चौथा नुसता नांगरलेला. सर्वांवर पाऊस एकच, फरक आच्छादनाचा. सोलापूरच्या जमिनीस उतार जेमतेम असतो; तरीही उघड्या व गवताने झाकलेल्या तुकड्यांतील फरक डोळ्यांत भरण्यासारखा निघाला.

अशा हजारो मोजण्यांवरून अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५ साली एक सूत्र बसविले, ते आज जगभर वापरतात. पावसाचा जोर, मातीचा स्वभाव, उताराची लांबी व चढ, आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार केला की वर्षाची धूप निघते. यांतील पाऊस, मातीचा स्वभाव आणि चढ मनुष्याच्या हाती नाहीत. उताराची लांबी तालीने तोडता येते. आच्छादन आणि बांधबंदिस्ती तर सर्वस्वी त्याच्याच हाती आहेत. सूत्र गुणाकाराचे असल्याने यांतील एक अंक जरी निम्मा झाला तरी सारी धूप निम्मी होते.

दुसऱ्याही युक्त्या आहेत. लोखंडी खिळे जमिनीत ठोकून त्यांची उघडी लांबी दरवर्षी मोजतात. जुन्या झाडाची मुळे किती उघडी पडली यावरून झाडाच्या वयाइतक्या काळातील धूप काढतात. आणखी एक युक्ती तर विलक्षण आहे. १९५० नंतरच्या दीड दशकात महासत्तांनी जे अणुस्फोट केले, त्यांतून सीझियम नावाचे किरणोत्सारी द्रव्य साऱ्या पृथ्वीवर पावसाबरोबर उतरले आणि चिकणमातीच्या कणांस घट्ट चिकटून बसले. ते दर तीस वर्षांनी निम्मे होते. ज्या जमिनीत ते अपेक्षेपेक्षा कमी सापडते तेथील माती गेली. जेथे अधिक सापडते तेथे ती येऊन साचली. माणसाच्या संहारक बुद्धीने टाकलेली ही खूण आता मातीचा माग काढण्यास उपयोगी पडते आहे.

आपल्या देशाचा हिशेब १९८३ साली ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी मांडला. त्यानुसार भारतात दरवर्षी हेक्टरी सरासरी १६.३५ टन, म्हणजे एकरी सुमारे साडेसहा टन माती जागची हलते. तीपैकी २९ टक्के समुद्रास जाते, १० टक्के धरणांत बसते आणि ६१ टक्के इकडची तिकडे होते. एका हेक्टरावरील एक मिलिमीटर मातीचा थर साधारण तेरा टनांचा भरतो, हे ध्यानात घेता ही सरासरी वर्षास सव्वा मिलिमीटर होते. ऐकण्यास किती क्षुल्लक! परंतु वीस वर्षांत तो एक इंच झाला आणि असा एक इंच थर तयार होण्यास निसर्गास शतके लागतात. ज्या वरकसावर मुळात वीतभरच माती आहे, तेथे दीडशे वर्षांत मुरूम वर येईल.

पड पडल्यावर काय होते

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शेती सोडल्यावर धूप वाढते की थांबते? याविषयी लोकांत दोन समजुती आहेत. वृद्ध शेतकरी म्हणतो, नांगर सुटला की जमीन मेली. शहरातील निसर्गप्रेमी म्हणतो, माणूस गेला की जमीन सुखी झाली. मोजणी दोघांच्याही बाजूने थोडी थोडी साक्ष देते.

युरोपात हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उद्भवला, कारण विसाव्या शतकात तेथील डोंगराळ गावे शहरांकडे गेली. स्पेनमधील पिरेनीज पर्वतात आइसा नावाच्या खोऱ्यात १९९१ पासून वर वर्णन केलेल्या पद्धतीचे तुकडे शेजारी शेजारी आखून मोजणी झाली : कोठे धान्य, कोठे नुसती नांगरट, कोठे झुडुपे, कोठे सोडून दिलेले शेत. दाट झुडुपांखालून सर्वांत कमी माती गेली. उतारावरच्या नांगरलेल्या तुकड्यांतून पुष्कळच अधिक. म्हणजे जेथे पाऊस पुरेसा आहे, वनस्पती लवकर जमिनीस झाकतात, तेथे पड जमीन स्वतःस सावरते. परंतु त्याच देशात रिओहा प्रांतातील कामेरोच्या डोंगरांत, जेथे पूर्वजांनी दगडी पायऱ्यांची शेते रचली होती, तेथे दुरुस्तीवाचून भिंती ढासळल्या आणि पिढ्यांची साठविलेली माती त्या भगदाडांतून गेली. आणि कोरड्या मुलखात, जेथे गवत धरत नाही, तेथे उघड्या मातीवर कडक पापुद्रा बसतो, पाणी मुरत नाही व ओघळी पडतात.

सह्याद्रीची स्थिती या तिन्हींच्या मिश्रणासारखी आहे. घाटमाथ्यावर पाऊस भरपूर, म्हणून गवत व कारवी झपाट्याने वाढतात. हा भाग सुदैवाचा. परंतु पाऊस चारच महिने. माघ ते वैशाख डोंगर वाळलेले असतात आणि कोणी वणवा लावला की सारे आच्छादन राख होते. त्यानंतर मृगाचा पहिला मारा उघड्या जमिनीवर पडतो. सोडलेल्या शेतास राखणदार नसल्याने वणवा तेथे अधिक शिरतो. दुसरी गोष्ट तालीची. ताल सबंध सरळ कधी फुटत नाही. एका कोपऱ्यात खेकड्याचे अथवा घुशीचे बीळ पडते, दगड निसटतो. कसणारा असता तर त्याने संध्याकाळी दोन दगड आणि चार पाट्या माती टाकून ते बुजविले असते. तो नसल्याने सारे पाणी त्या एका तोंडातून धावते, खालच्या तालीवर आदळते, तीही फोडते, आणि चार-पाच वर्षांत वरपासून ओढ्यापर्यंत घळ तयार होते. वर गवत हिरवे दिसते, पाहणाऱ्यास वाटते जमीन बरी झाली. आणि माती मात्र घळीतून चालली असते.

पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातील संशोधकांनी प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात कृत्रिम पाऊस पाडून उताराचा चढ आणि गवताचे आच्छादन यांचा परिणाम मोजला व तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गवत माती धरते, ही गोष्ट आपल्याच मुलखात आपल्याच मातीवर अशी मोजून पाहिली गेली आहे. गवत हवे, आणि तालही हवी. या दोहोंपैकी एक सोडून दुसऱ्यावर भिस्त ठेवता येत नाही.

येथे माळीणचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील ते गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्याच्या कारणांविषयी पुष्कळ वाद झाला. अतिवृष्टी हे तर उघड कारण होतेच. त्या भागातील महादेव कोळी बांधव पडकई नावाच्या सामुदायिक श्रमपद्धतीने हातांनी हळूहळू खाचरे काढीत. त्यामागचा जो विचार, की डोंगरास एका वेळी थोडेच हात लावावे, तो यंत्रांच्या काळातही ध्यानी ठेवण्यासारखा आहे. धूप आणि दरड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पण पाण्याची वाट कोणी पाहावयाची, हा प्रश्न दोन्हींत एकच आहे.

माती शेवटी येते कसब्यास

१२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे धरण फुटले आणि त्याच दिवशी १८७९ साली पुरे झालेले खडकवासल्याचे धरणही फुटले. कसब्याच्या नदीकडील भागात पाणी शिरले, घरे पडली. आमच्या वडीलधाऱ्यांनी त्या दिवसाविषयी जे सांगितले त्यात पाण्याइतकाच चिखलाचा उल्लेख असे. पाणी एका रात्रीत उतरले; चिखल काढण्यास आठवडे लागले. त्या चिखलात धरणाच्या भरावाची माती होती, काठांची माती होती आणि खडकवासल्याच्या तळाशी ऐंशी वर्षे बसलेला मावळच्या शेतांचा गाळही होता. आपल्या पूर्वजांनी कणाकणाने आणलेला पोयटा त्या दिवशी एकदम दाराशी आला आणि कोणास नकोसा झाला.

आजही तो गाळ येतच आहे. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था धरणांतील गाळाची मोजणी करते. शासनाने २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. तिचा हेतू धरणातील गाळ शेतात परत नेण्याचा. योजना चांगली आहे. पण जो गाळ ट्रकने वर न्यावा लागतो, तो मुळात वरच राहिला असता तर दोन दगड आणि चार पाट्या मातीवर काम भागले असते.

म्हणून ज्या कुटुंबांचा डोंगरात जमिनीचा हिस्सा आहे त्यांस आमचे सांगणे आहे. दलालास होकार अथवा नकार देण्यापूर्वी आपली जमीन एकदा ज्येष्ठात आणि एकदा श्रावणात पायी फिरून पाहा. ताल कोणत्या कोपऱ्यात फुटली आहे ते हेरा आणि ती तेवढी बुजवा. सारे शेत कसण्याची गरज नाही. जिराईत जमीन असेल तर जुन्या प्रतबंदीचा कागद भूमी अभिलेख कार्यालयात मागा, त्यातील खोलीशी आजची खोली ताडून पाहा. शेतात दहा-बारा लांब खिळे ठोका, प्रत्येकाची उघडी लांबी वहीत लिहा आणि दरवर्षी दसऱ्यास पुन्हा मोजा. जुन्या आंब्याची वा जांभळीची मुळे किती वर आली ते पाहा. शेजारच्या हिस्सेदारांशी बोलून होळीपूर्वी जाळरेषा काढा, म्हणजे वणवा आत येणार नाही. शहरात शिकणाऱ्या मुलांस हे काम द्या. आम्ही चाळीस वर्षे मुले शिकविली. खिळ्याची लांबी मोजण्याइतका सोपा आणि डोळे उघडणारा धडा आमच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता.

विकावयाचे की ठेवावयाचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कन्येचे लग्न, मुलाचे शिक्षण, आजारपण या गरजा खऱ्या आहेत आणि त्यांपुढे कोणास उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु जी वस्तू विकतो तिचे मोल तरी माहीत असावे. वीतभर माती असलेले दहा गुंठे आणि मुरूम उघडा पडलेले दहा गुंठे कागदावर सारखेच दिसतात. त्यांतील फरक जाणणारी एक ज्ञाती महाराष्ट्रात असेल तर ती आपली असली पाहिजे. मुठीत घेऊन, ओली करून, बोटांत चोळून मातीची जात सांगणारे हात आपल्या घराघरांतून अजून आहेत. त्या हातांनी आता एक वही आणि एक मोजपट्टीही धरावी, आणि पुढील वर्षाच्या स्मरणिकेत आपापल्या वावराची नोंद पाठवावी, एवढीच ज्ञातिबांधवांस नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.